जळगावच्या पोराला वाळवंटाचं ऊन: एका जवानाच्या पहिल्या वर्षाचा प्रकरण अभ्यास

एप्रिल 2018. रात्री पावणेनऊच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. आवाज बारीक, शब्द तुटक. पहिलंच वाक्य होतं, "मामा, मायले सांगजो नको."

सकाळी पिट्ठू, म्हणजे पाठीवरची फौजी बॅग, घेऊन चालताना तो कोसळला होता. शुद्ध गेली नव्हती, पण पाय उचलेनात, उलट्या झाल्या आणि दोघांनी धरून त्याला कॅम्पच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्याच्या खोलीत, आणलं. दोन सलाईन लागून झाल्यावर, नर्सिंग असिस्टंटची परवानगी काढून तो माझ्याशी बोलत होता. मी स्वतः लष्कराच्या वैद्यकीय विभागात नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केली. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी फौज पाकिस्तानच्या सीमेवर उभी होती, तेव्हा 2002 चा सगळा उन्हाळा जैसलमेर जिल्ह्यातच तंबूत काढला. म्हणून त्याने आईबापाआधी मला फोन केला.

आता मी चोपड्याला राहतो. भरतीची तयारी करणारी पोरं येतात, विचारतात, मी सांगतो. चोपडा, अमळनेर, यावल, शिरपूर इकडून दरवर्षी पोरं फौजेत जातात आणि त्यातल्या काहींची पहिली नेमणूक वाळवंटात असते. भाच्याच्या बाबतीत घडलं ते एकट्याचं नाही, म्हणून त्याची परवानगी घेऊन हे सविस्तर लिहितोय. गावाचं नाव, पलटणीचं नाव आणि कॅम्पचं ठिकाण लिहीत नाही. ते लिहायचं नसतं.

पोरगा कुठून आला होता

आमचं गाव चोपडा तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी आणि कापूस. मे महिन्यात पारा 44-45 वर जाणं आम्हाला नवं नाही. त्यामुळे वाळवंटाचा हुकूम आला तेव्हा घरात कोणाला उन्हाची धास्ती वाटली नाही. मेहुणे म्हणाले, ऊन तर आपल्या घरचंच आहे. मीही तेव्हा गप्प राहिलो. तिथे मी चुकलो.

खानदेशी माणूस उन्हात राहतो खरा, पण उन्हात काम कसं करतो ते बघा. पहाटे पाचला वावरात, साडेदहाला निंबाखाली. दुपारी ताक, कांदा, भाकर, मग डोळा लागतो. पुन्हा कामाला हात लागतो तो चार वाजल्यानंतर. भर दुपारी पाठीवर ओझं घेऊन आपण चालत नाही. शहाणपणानेच चालत नाही.

शिवाय या पोराचं मागचं वर्षभर बघा. त्याआधी भरतीसाठी 1600 मीटर साडेपाच मिनिटांत पळायचा सराव केला, तो पहाटेच्या गारव्यात. मग बेळगावला प्रशिक्षण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा थंड. मार्चमध्ये कसम परेड झाली आणि महिनाभर सुट्टी मिळाली. सुट्टीत गावात ऊन तापलेलं होतं, पण पोरगा होता लग्नघरात, मोटारसायकलवर आणि रात्री पंख्याखाली. अंगाला कष्टाचं ऊन लागून वर्ष होऊन गेलं होतं.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. उन्हाची सवय गावाला नसते, अंगाला असते, आणि अंग ती फार दिवस सांभाळत नाही. उन्हात रोज थोडं थोडं काम केलं की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, त्याच कामाला नाडी कमी धावते. पण उन्हातलं काम सुटलं की ही कमाई तीन-चार आठवड्यांत बहुतेक पुसली जाते. म्हणजे जैसलमेरला उतरला तेव्हा भाचा जळगाव जिल्ह्याचा होता, पण त्याचं अंग बेळगावचं होतं.

पहिले सहा दिवस

अमळनेरहून गाडीत बसला. सुरत, अहमदाबाद, जोधपूर, आणि तिथून जैसलमेरची लाईन. वाटेत फलोदी लागतं. 19 मे 2016 रोजी तिथे 51 अंशांची नोंद झाली, भारतातली तोवरची सर्वांत मोठी. डब्यातल्या कोणी तरी ते सांगितलं तेव्हा त्याने अभिमानाने उत्तर दिलं, आमच्याकडेही कमी नसतं.

कॅम्पला पोहोचला 15 एप्रिलला. 18 ला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. माझी बहीण निघताना म्हणाली होती, "आखाजी करीसन जाय रे." हुकमाची तारीख पुढे सरकत नाही, एवढंच तो बोलला. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, पितरांना घागर भरतात. घरातला एकुलता मुलगा त्या दिवशी नाही ही गोष्ट बहिणीला किती लागली, ते त्याला फार उशिरा कळलं.

कॅम्प म्हणजे तंबूंच्या रांगा, लंगर (फौजेतलं स्वयंपाकघर), एमआय रूम, छोटं मंदिर, पाण्याची गाडी उभी राहायची जागा. भोवती केर नावाची झुडपं, रुई, मधूनच एखादं खेजडीचं झाड, आणि वाळू. दिवस पहाटे पाचच्या आत सुरू. पीटी, नाश्ता, कामाचे पहिले तास, साडेदहा-अकराला काम बंद. चारपर्यंत तंबूत. संध्याकाळी पुन्हा काम, रोल कॉल, रात्री पहारा. वेळापत्रक आपल्या शेतकऱ्यासारखंच आहे, हे त्याला लगेच ओळखू आलं आणि बरं वाटलं.

पलटणीची बाजूही सांगायला हवी. आल्या दिवशी हवालदारांनी नव्या पोरांना स्पष्ट बजावलं होतं: पहिला आठवडा ओझं नाही, खणायचं काम नाही, तहान नसली तरी पाणी प्यायचं. नियम होता आणि सांगितलाही होता. तो मोडला पोराने स्वतः.

तिसऱ्या दिवशी खंदकाच्या कामाला माणूस कमी पडला. साताऱ्याचा एक सीनियर हसत म्हणाला, "जळगावचा आहेस ना? मग तुला काय ऊन लागणार!" बोलण्यात खोट नव्हती, कौतुकच होतं. पण भाच्याने फावडं उचललं, आणि त्या क्षणापासून त्याच्या मनात एक गोष्ट बसली, की जळगावच्या माणसाला ऊन लागणं ही लाजेची बाब आहे. चौथ्या दिवशी आखाजी, फोनची पाळी आली नाही. त्या रात्री बारा ते दोन पहारा. पाचव्या दिवशी डोकं ठणकत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते, लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. त्याने कोणाला सांगितलं नाही. गोळे का आले असं शेजारच्याने विचारलं तेव्हा "वाळूत चालायची सवय नाही" म्हणाला. सहाव्या दिवशी नव्या पोरांनी फक्त थोडं अंतर हलकं चालायचं होतं. हा पूर्ण पिट्ठू घेऊन जुन्यांच्या रांगेत उभा राहिला.

घामाचा आणि पाण्याचा हिशेब

फोनवर मी त्याला पहिला प्रश्न विचारला, घाम किती येत होता? तो म्हणाला, "येतच नव्हता मामा, अंग कोरडं होतं, म्हणून तर मला वाटलं ऊन झेपतंय."

खानदेशातून गेलेला माणूस इथेच फसतो. आपल्याकडे, खासकरून पावसाळ्याच्या तोंडावर, घाम अंगावर राहतो, सदरा पाठीला चिकटतो. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत वाळून जातो. तो येत असतोच. कडक कामात तासाला एक ते दीड लिटरसुद्धा जातो. त्याची खूण ओलेपणात नाही, वर्दीवर उमटणाऱ्या पांढऱ्या मिठाच्या रेघांत दिसते. भाच्याच्या शर्टावर तिसऱ्या दिवसापासून त्या रेघा होत्या. तो त्यांना धूळ समजत होता.

दुसरी गोष्ट वाळूची. मऊ वाळूत चालायला घट्ट जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते, कारण प्रत्येक पावलाला वाळू सरकते आणि लावलेला जोर तिच्यातच जिरतो. जास्त ताकद म्हणजे शरीरात जास्त उष्णता. बेळगावच्या रस्त्यावरचे पाच किलोमीटर आणि इथले पाच किलोमीटर हे पायांच्या हिशेबात एक नाहीत.

तिसरी गोष्ट त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितली, आणि ती ऐकून मला खरंच वाईट वाटलं. मी विचारलं होतं, पाणी होतं ना? मग प्यायला का नाहीस? तो म्हणाला, "मामा, गाडी लांबून यायची. मला वाटलं, जपून प्यावं." हा पोरगा टँकरच्या रांगा बघत मोठा झाला. आमच्या घरी तांब्यात उरलेलं पाणी फेकत नाहीत, तुळशीला घालतात. पाणी वाचवणं हा त्याच्यावरचा संस्कार. कॅम्पमध्येही पाणी जपूनच वापरतात, अंघोळ अर्ध्या बादलीत होते. त्याने तोच नियम पिण्यालाही लावला. शिवाय दुपारी पाणी कोमट व्हायचं, चवीला किंचित मचूळ, त्यामुळे घशाखाली उतरत नसे. कोसळला त्याच्या आदल्या दिवसाचं पाणी आम्ही दोघांनी फोनवर मोजून काढलं. साडेतीन लिटर भरलं. तसल्या कामाला आठ लिटरसुद्धा जास्त नव्हते.

तहान लागेल तेव्हा पिऊ, हा हिशेब उन्हातल्या कष्टाला पुरत नाही. तहान मागून येते. ती जाणवते तोवर शरीर बरंच पाणी हरवून बसलेलं असतं. झोपेचंही तसंच. अपुऱ्या झोपेचं अंग उष्णता कमी सोसतं, आणि त्या सहा रात्रींत तो नीट झोपला होता फक्त एकदा.

एमआय रूममध्ये अंगात 39.4 अंश सेल्सिअस ताप होता. बोलत होता, नाव-गाव सांगत होता, म्हणून तो उष्माघाताच्या अलीकडच्या पायरीवर थांबला. ताप 40 च्या वर गेला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर ती जिवावरची वेळ असते आणि तिथे मिनिटं मोजली जातात. 2002 मध्ये मी ती वेळ दोनदा बघितली आहे. म्हणून सांगतो, अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतत बसू नका. आधी सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि जोराचा वारा. गार करायचं आणि मग हलवायचं. भाच्याला त्यांनी नेमकं हेच केलं. ओली चादर, पंखा, उलटी थांबेपर्यंत सलाईन, मग ओआरएस. डॉक्टरसाहेबांनी दोन दिवस पूर्ण आराम आणि पाच दिवस हलकं काम लिहून दिलं.

पुन्हा उभं राहणं

आरामाच्या दुसऱ्या दिवशी एक उलटी चूक घडली. घाबरलेल्या पोराने साधं पाणी ढसाढसा प्यायला सुरुवात केली, तासाभरात तीन लिटर. डोकं जड झालं, मळमळ सुरू झाली. नर्सिंग असिस्टंट जाणता होता, त्याने लगेच थांबवलं. घामातून पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं. नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही धोक्याचं असतं. त्या दिवसापासून नेम ठरला: काम चालू असताना वीस मिनिटांनी एक पेला, जेवणात मीठ नेहमीसारखं, लंगरात मिळणारं लिंबू-मिठाचं पाणी चुकवायचं नाही, आणि रोज सकाळी लघवीचा रंग बघायचा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर कामावर जायच्या आधी बोलायचं.

त्याला जोडीला मराठवाड्यातला एक जवान बडी म्हणून मिळाला. बडीचं काम एकमेकांवर नजर ठेवणं. भाच्याला वाटलं होतं ही पहाऱ्यापुरती रीत असेल. पण याच बडीने त्याला बाटलीवर ओला मोजा चढवायला शिकवलं. मोजा वाळत जातो तसं आतलं पाणी गार होतं. आपला माठ आणि फौजेतली छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, याच रीतीने चालतात. पाणी गार झालं तेव्हा पोरगा आपोआप जास्त पिऊ लागला. एवढ्याशा गोष्टीने जे साधलं, ते माझ्या फोनवरच्या दहा भाषणांनी साधलं नसतं.

कामाची वाढ पायरीपायरीने झाली. पहिल्या दिवशी वीस मिनिटं ओझ्याशिवाय. मग चाळीस. मग तास. मग अर्धं ओझं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण पिट्ठू घेऊन तो जुन्यांच्या रांगेत चालला, आणि संध्याकाळी फोनवर म्हणाला, "आज शर्टावर मीठ कमी दिसलं." अंग शिकल्याची त्याहून चांगली खूण मला माहीत नाही.

बहिणीने एका पार्सलमध्ये शेंगदाण्याची चटणी, बिबड्या आणि वर कांदे पाठवले होते. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. खिशातल्या कांद्याने काही होत नाही. तो खाल्ला तर जेवण मात्र जातं, आणि उन्हात भूक मेलेल्या पोराचं जेवण जाणं हेही मोलाचं. भाचा पहिल्या महिन्यात चार किलो उतरला होता. लंगरातली डाळ-रोटी पोटभर असायची, पण जिभेला ठेचा आणि कळण्याची भाकर हवी होती. चटणीने तो प्रश्न सुटला. सांगली-कोल्हापूरची पोरंही त्या बरणीवर तुटून पडली.

तंबू, वाळू आणि फुरसं

दुपारची झोप शिकायला त्याला महिना लागला. तंबूत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. जुन्या लोकांनी जमीन फूट-दीड फूट खणून खाली घेतली होती, वरून दुसरं कापड ताणलं होतं, दाराला ओलं गोणपाट. बाजू उचलून वारा खेळवला की खालच्या मातीचा गारवा जाणवतो. आमच्या गावात उन्हाळ्यात जमीन सारवून तिच्यावर पडतात, ते तत्त्व हेच. भाच्याने हे स्वतः ताडलं आणि आपल्या तंबूच्या कडेची वाळू आणखी खाली घेतली, तेव्हा सुभेदार साहेबांनी येऊन बघितलं. त्याला ते फार लक्षात राहिलं आहे.

आंधी आली की सगळं बंद. आभाळ आधी तांबूस, मग तपकिरी होतं, आणि मग समोरचा माणूस दिसेनासा होतो. चष्मा, तोंडावर ओलं कापड, पाठ वाऱ्याला. ती गेली की ताटात, कानात, अंथरुणात वाळू. बंदुकीला तेल अगदी कमी लावायचं, कारण जास्त तेल वाळू धरून ठेवतं. बेळगावला शिकलेला हात सढळ होता, तो आवरावा लागला. कोरड्या हवेने त्याचा घोळणा दोनदा फुटला. नाकपुडीला आतून थोडं व्हॅसलीन लावल्यावर थांबला.

आणि साप. वाळवंटात फुरसं आहे, आडवं आडवं सरकणारं. त्याहून जास्त चर्चा असते पिवणा नावाच्या सापाची. लोक म्हणतात तो झोपलेल्याचा श्वास पितो. तो श्वास पीत नाही. तो आपल्या मण्यारीच्याच जातकुळीतला आहे, रात्री अंथरुणात येतो. दात बारीक असल्याने चावा कळत नाही आणि विष श्वास थांबवतं. म्हणून सकाळी माणूस मेलेला सापडला की श्वास प्यायला असं वाटतं. उपाय साधा: मच्छरदाणी सगळीकडून गादीखाली खोचायची, बूट झटकून घालायचे, अंधारात टॉर्चशिवाय पाय खाली टाकायचा नाही. पहिल्या आठवड्यात भाच्याने गरम होतं म्हणून मच्छरदाणी वर गुंडाळून ठेवली होती. मी त्यावर फार रागावलो. इतका की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याबद्दल मला खंत नाही.

बहिणीला सांगणं

"मायले सांगजो नको" हा शब्द मी दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी पाळला नाही. मला असं वाटलं, की पोराने लाजेपोटी पलटणीपासून लपवलं आणि तो पडला, आता तीच रीत आपण घरात चालवतोय. बहिणीच्या घरी गेलो, चहा घेतला आणि सांगितलं. ती आधी गप्प. मग म्हणाली, "दादा, माले काबर नई सांगं?" मी म्हटलं, त्याला वाटलं तू घाबरशील. ती म्हणाली, घाबरणं माझं आहे, त्याने कशाला त्याचं ओझं घ्यावं.

भाचा माझ्यावर चिडला, स्वाभाविक होतं. पण त्या रात्री मायलेक बरंच बोलले, आणि त्यानंतर घरातल्या फोनचा पहिला प्रश्न बदलला. आधी ती विचारायची, "जेवन झायं का?" आता विचारते, "पानी कितलं पिना?" तो आकडा सांगतो. पहिले काही आठवडे ती आकडे कॅलेंडरवर लिहीत होती, दुधाच्या हिशेबाशेजारी. घरच्यांनी दुरून करावं असं खरं म्हणजे फार थोडं असतं. जे असतं त्यात हे एक.

त्याच्या एकटेपणाबद्दलही तेव्हाच कळलं. ऊन सोसवेना हे त्याने एक वेळ कबूल केलं, पण दिशा हरवल्यासारखं वाटतं हे सांगायला त्याला ऑगस्ट उजाडला. गावात डोकं वर केलं की उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसते. माणूस वावरात कुठेही असो, आपण कुठे आहोत ते कळतं. इथे चारी बाजूंना सारखंच. रात्रीच्या पहाऱ्यात वारा पावलं पुसून टाकायचा. बडीने त्याला सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला शिकवलं. "मामा, सातपुडा जिकडे असतो तिकडे आता ध्रुव असतो," असं तो म्हणाला. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली तेव्हा तो फोनवर होता, आणि बहिणीने फोन देव्हाऱ्यासमोर धरून ठेवला. पुढे त्याला तनोटला जायला मिळालं. तिथल्या देवीचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं आणि लोक नवसाचे रुमाल बांधतात. बहिणीने पाठवलेला रुमाल त्याने बांधला. नवस काय होता ते ती सांगत नाही.

थंडीबद्दल थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, कारण कोरडी वाळू दिवसाची ऊब धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात कोसळलेल्या पोराने हिवाळ्यात मात्र पहिल्याच आठवड्यात हवालदारांना जाऊन सांगितलं, की पायाची बोटं बधिर होतात. मोजे बदलले, पहाऱ्याची पाळी कमी वेळाची झाली, विषय संपला.

पुढची आखाजी

2019 ला आखाजी 7 मेला होती. या वेळी तो महिन्याभराच्या सुट्टीवर घरीच होता. बहिणीने मांडे केले, अंगणात झोका बांधला. मी दोन गोष्टी बघत होतो.

एक म्हणजे तो रोज सकाळी नऊ ते अकरा बापाबरोबर केळीत काम करायचा. लग्नाची आमंत्रणं होती, मित्र बोलवायला यायचे, तरी दोन तास चुकले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "अंग उतरायला नको. जाऊन पुन्हा पहिल्यापासून कोण सुरू करणार?"

दुसरं म्हणजे जायच्या आदल्या दिवशी तो चोपड्याच्या बाजारातून मच्छरदाणी घेऊन आला. मेहुणे उन्हाळ्यात वावरातच खाटेवर झोपतात, पाण्याची पाळी रात्रीची असते. आमच्याकडे मण्यार आहे, दरवर्षी कोणाच्या तरी घरी ती बातमी येते, आणि तरी वावरातल्या खाटेला मच्छरदाणी लावलेली मी क्वचितच बघितली. त्याने चार काठ्या बांधल्या, कडा गादीखाली खोचल्या आणि बापाला दोनदा करून दाखवायला लावलं.

कॅम्पला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी फोन आला. मी काही विचारायच्या आत त्याने सांगितलं, "सुट्टीवरून आलोय म्हणून पहिला आठवडा सकाळचंच काम मागून घेतलं. कोणी हसलं नाही, मामा."